शेठचं अंगण

३ ऑगस्ट

ती. गुंडीच्या आजींना,
सा. न. वि. वि.

हे अक्षर तुमच्या ओळखीचं नाही, म्हणून आधी मी कोण ते सांगते. गेल्या हिवाळ्यात तुमच्या जावयांशी लग्न करून या घरात आले, ती मी. लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी तुम्हाला कळवलं होतं. तुमचं उत्तर आलं नाही, आणि ते यायला हवं होतं असं मलाही वाटत नाही. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही असं हे म्हणाले, म्हणून लिहायला बसले.

पत्राचं कारण शेठ. गुंडीच्या आईनं आजारी पडण्याच्या थोडं आधी आणलेला तोच हॅमस्टर. गालांत दाणे कोंबून गादीवर बसल्यासारखा बसतो, म्हणून तिनंच त्याचं हे नाव ठेवलं, असं मला ह्यांच्याकडून कळलं. हल्ली तो संध्याकाळ झाली की पिंजऱ्याच्या तारा कुरतडायला लागतो आणि थांबत नाही. नाकावरचे केस गेले आहेत, खालची कातडी लाल झाली आहे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, त्याला रोज थोडा वेळ मोकळं सोडायला हवं, पण जागा बंदिस्त हवी आणि तिथे त्याला काहीतरी उद्योग हवा.

जुन्या घरी त्याला असं एक कुंपण होतं, त्याला सगळे 'अंगण' म्हणायचे, एवढं गुंडी बोलली. घर बदलताना ह्यांनी अडगळ म्हणून जे देऊन टाकलं त्यात ते गेलं. मी तेव्हा या घरात नव्हते, पण त्याचा राग गुंडीनं माझ्यावर काढला आणि मीही तिचा गैरसमज दूर केला नाही. बाबांवर रागावण्यापेक्षा माझ्यावर रागावणं तिला सोपं जात असेल.

मी आपल्या अकलेनं रिकामी खोकी गोल मांडून त्याला सोडून पाहिलं. बघता बघता तो खोक्यावर चढला, पलीकडे पडला आणि फ्रिजच्या मागे वायरींत जाऊन बसला. गुंडी पोटावर आडवी झाली, हातात दाणा धरून त्याची वाट बघत राहिली आणि तिनंच त्याला बाहेर काढलं. तेव्हापासून ती माझ्या पंगतीला बसत नाही. आधी जेवते, नाहीतर नंतर.

अंगण कसं होतं असं मी तिला विचारलं, तर म्हणाली आजीला माहीत आहे. म्हणून तुम्हाला विचारते. मी हे विचारावं हे विचित्र आहे, ते मला कळतं.

तुमचा लोभ मी अजून मिळवलेला नाही, तेव्हा तो असू द्यावा असं कसं लिहू? उत्तर तेवढं द्यावं.

आपली,
गुंडीच्या घरातली

―――

१९ ऑगस्ट

सौ. बाईंस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर द्यावं की नाही हे ठरत नव्हतं. जनावराच्या नाकाला जखम आहे असं वाचलं, म्हणून लिहिते.

ते अंगण मी बांधलं होतं. मी जन्मभर पुस्तकं बांधायचं काम केलं हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल. जाड पुठ्ठ्याच्या फळ्या केल्या, त्यांना गुळगुळीत कागद चढवला आणि कापडी पट्ट्यांनी एकमेकींना जोडल्या. पट्ट्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे त्याचे दात पोचणार नाहीत. सगळं पुस्तकासारखं मिटून कपाटामागे राहायचं. मी ते केलं हे जावईबापूंना माहीत होतं. विसरले असतील.

आता आपल्याला हवं ते. भिंत हातभर उंच आणि गुळगुळीत हवी, त्याला पाय रोवायला काही मिळता कामा नये. जोडांत करंगळी जाईल एवढीसुद्धा फट नको, डोकं गेलं की मागून सगळं अंग जातं. भिंतीच्या जवळ उंच वस्तू ठेवायची नाही, तो तिची शिडी करतो. वायर, झाडाची कुंडी, वासाची कुठलीही वस्तू आत नको. खाली जुनी चादर, पण धागे सुटलेली नको. अंथरायला कोरा कागद फाडून द्यावा. कापूस कधीही देऊ नये, तो पायाला गुंडाळला जातो आणि गालात अडकतो. त्याचं चाक भरीव असावं, गजांचं नको. झोपलेला असताना उठवू नये. पिंजरा आत ठेवून दार उघडावं आणि त्याचं त्याला बाहेर येऊ द्यावं. उचलून बाहेर काढलं की तो दिवस गेला.

हे सगळं माझ्या मुलीनं मला शिकवलं. मी फक्त फळ्या बांधल्या. नव्या फळ्या मागू नयेत, ते काम मी सोडलं आहे.

आणखी एक, आणि ते अंगणापेक्षा मोठं आहे. मुलगी गेली तेव्हाच मी जावईबापूंना म्हटलं होतं की गुंडीला माझ्याकडे राहू द्या. त्यांनी तेव्हा नाही म्हटलं. आता घरात तिच्याशी एका ताटाला कुणी बसत नाही असं आपणच लिहिता. तिला इकडे पाठवावं. शेठलाही पाठवावं. माझ्या घरी मागची खोली रिकामीच आहे.

कळावे,
गुंडीची आजी

―――

२ सप्टेंबर

ती. आजींना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. फळ्यांचं ऐकल्यावर ते म्हणाले की घर बदलताना ते सगळं मुद्दाम न बघता बांधून दिलं होतं, बघितलं असतं तर काहीच देता आलं नसतं. तुमच्याकडे क्षमा मागायची हे ते रोज ठरवतात. लिहिणं त्यांना जमत नाही.

अंगण झालं. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. आमच्या दुकानाचा दर्शनी भाग नव्यानं करताहेत, त्यातून चष्मे मांडायचे जुने पारदर्शक तक्ते निघाले. मालकांना विचारून घरी आणले. हे लिफ्ट दुरुस्त करणारे, घरात हत्यारं सगळी. ह्यांनी तक्ते हातभर उंचीचे कापले, कडा घासून बोथट केल्या आणि बाहेरून बिजागऱ्या लावल्या. जोडांत करंगळी घालून पाहिली, जात नाही. एक बाजू दारासारखी उघडते. खाली चादर, एका कोपऱ्यात कागदाच्या पट्ट्यांचा ढीग, एकात चाक.

आम्ही हे करत होतो तेव्हा गुंडी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आत आली नाही. सगळं मांडून झाल्यावर म्हणाली, वाळू कुठे आहे. मला कळेना. मग बाबांकडे बघत म्हणाली, आई बारीक वाळू तव्यावर भाजून, गार करून थाळीत द्यायची, शेठ त्यात लोळून अंग साफ करतो, पाण्यानं अंघोळ घातली तर आजारी पडेल. दुसऱ्या दिवशी मी वाळू भाजली. तेव्हा ती स्वयंपाकघरात आली आणि हात घालून बघितली, गार झाली का. मग स्वतःच पिंजरा उचलून आत नेऊन ठेवला. शेठनं आधी नुसतं नाक बाहेर काढलं. पुष्कळ वेळानं तो भिंतीच्या कडेकडेनं एक पूर्ण फेरी मारून आला. त्या संध्याकाळी तारा कुरतडल्याचा आवाज आला नाही.

आता तुमच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल. ह्यांनी ते गुंडीवर सोडलं आहे. तिला विचारलं, तर तिनं उलट विचारलं की शेठला एवढा प्रवास झेपेल का. आम्ही डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी त्याच्या पोटाला हात लावून पाहिला आणि एक गाठ आहे म्हणाले. वयही झालं आहे. कापण्यात अर्थ नाही, प्रवास नको, दुखत असेल तेव्हा द्यायला थेंब दिले आहेत. हे सगळं गुंडीसमोरच बोलले. ती म्हणाली, मग मी आत्ता नाही जात.

म्हणजे ती शेठसाठी थांबली आहे, माझ्यासाठी नाही. तो गेला की ती तुमच्याकडे येईल, असं मी धरून चालले आहे. तोवर काही संध्याकाळी या अंगणामुळे ती त्या खोलीत असते आणि मलाही तिथे असता येतं. वाळू मी भाजली ती चांगुलपणानं, असं तुम्ही समजू नये म्हणून हे लिहिते.

लोभाचं मागच्यासारखंच. राग आला असेल तर तोही कळवावा.

आपली,
गुंडीच्या घरातली

―――

१४ सप्टेंबर

सौ. बाईंस,
स. न. वि. वि.

राग यावा म्हणून तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आला नाही. असं स्वच्छ लिहिणारं माणूस मला फार दिवसांत भेटलं नव्हतं.

सोबत एक पार्सल पाठवते आहे. कामाचं सामान माळ्यावरून उतरवलं. बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत, तेव्हा कडा कुठे तिरप्या झाल्या असतील तर हसू नका. पुठ्ठ्याचे बोगदे आहेत, तीन तोंडं असलेला एक आणि साधे बाकीचे. आतून-बाहेरून कोरा कागद आहे आणि सगळं पिठाच्या खळीनं चिकटवलं आहे. बाजारचा गोंद नाही. त्यामुळे त्यानं कुरतडून खाल्लं तरी पोटात पीठच जाईल. बोगदे मुद्दाम रुंद ठेवले आहेत, गाठ घासता कामा नये.

म्हाताऱ्या जनावरासाठी अंगण थोडं बदलावं लागतं. त्याला आता चढण देऊ नका. घर, पाणी, वाळू सगळं जमिनीशी हवं. थाळीची कड इतकी बसकी असावी की त्याला पाय उचलावा न लागता आत जाता येईल. चाक आवडत असेल तर राहू द्या, नुसतं बघून पुढे जात असेल तर काढून टाका. दाणे वाटीत देऊ नका. कागदात, बोगद्यात, चादरीच्या घडीत लपवा. शोधण्यात त्याचा जीव रमतो. त्याला दिसतं कमी, सगळं नाकावर चालतं. तुम्ही डोळ्यांचं काम करता, पण त्याला चष्मा लावून देण्याच्या भानगडीत पडू नका, तो खाऊन टाकेल.

आता एक गोष्ट सांगते, ती गुंडीलाही माहीत नाही. माझी मुलगी या प्राण्याला घाबरायची. लहानपणी उंदीर दिसला की पलंगावर चढून बसायची, मी आल्याशिवाय उतरायची नाही. गुंडीनं हट्ट केला म्हणून तिनं शेठ आणला आणि पहिले कितीतरी दिवस हातात जाड मोजे घालून त्याचा पिंजरा साफ केला. त्याला उचलायचं धाडस होईना. म्हणून मग ती अंगणात जाऊन नुसती बसायची. मांडी घालून, पुस्तक वाचत, त्याच्याकडे न बघता. एक दिवस तो आपणहून तिच्या पायावर चढला. तिनं मला पत्रात लिहिलं होतं की मी ओरडले नाही, पण पानही उलटलं नाही.

ती पहिल्यापासून सगळं जाणत होती असं गुंडीला वाटतं. तसं नव्हतं. तुम्हाला हे सांगावंसं वाटलं.

गुंडीला इकडे पाठवण्याचं मी मागे घेतलेलं नाही. पण शेठ आहे तोवर तो विषय काढणार नाही.

पार्सल पोचल्याचं कळवा.

गुंडीची आजी

―――

५ ऑक्टोबर

प्रिय आजीस,
शि. सा. न.

तुझे बोगदे शेठला खूप आवडले. तीन तोंडांचा त्याला सगळ्यात आवडतो. तो एका तोंडानं आत जातो आणि मी कुठून बाहेर येईल ते ओळखायचं, पण तो कधी कधी आतच झोपून जातो. एक कड त्यानं खाल्ली. मावशी म्हणाली, आजींनी खायला चालेल असंच केलंय. मी हिला मावशी म्हणते. बाबा म्हणाले तुला हवं ते म्हण, मग मी खूप दिवस काहीच म्हणत नव्हते, पण पाणी तापलं का असं विचारायचं असलं की काहीतरी म्हणावं लागतं.

संध्याकाळी मी अंगणात बसते. मावशी बाहेरच्या बाजूला बसून कागदाच्या पट्ट्या फाडते. ती आत येत नाही. पट्ट्या एकसारख्या करत बसते, मी सांगितलं शेठला वाकड्यातिकड्यापण चालतात. तिनं मला सांगितलं की आई शेठला घाबरायची आणि मोजे घालायची. मला ते खरं वाटेना. खरं आहे का? असेल तर मला आवडलं. मला पण एक गोष्ट येते जी आईला आधी येत नव्हती, शेठला उचलणं.

शेठची गाठ मोठी झाली आहे. तो चालताना एका बाजूला कलतो. मी त्याला थेंब देते, तो ते चाटतो. डॉक्टर म्हणाले, खातो आहे, शोधतो आहे तोवर ठीक आहे.

आजी, शेठ मेल्यावर मी कुठे राहायचं ते मी ठरवायचं असं बाबा म्हणतात. मावशीपण तेच म्हणते. तूपण तेच म्हणशील. मला ठरवायला सांगू नका. मी तुझ्याकडे यायचं म्हटलं तर बाबांना वाईट वाटेल, आणि इथे राहायचं म्हटलं तर तुला वाटेल की मी आईला विसरले. मी शेठकडे बघते तेव्हा मला तेच आठवत राहतं, आणि मग मला त्याच्याशी खेळता येत नाही.

हे पत्र कुणी वाचलेलं नाही. पाकीट मीच चिकटवलं.

तुझी लाडकी,
गुंडी

―――

११ ऑक्टोबर

चि. सौ. हिस,
अ. उ. आ.

यापुढे तुला अगं-तुगं करणार आहे. चालत नसेल तर सांग, पण मी ऐकीन असं नाही.

गुंडीचं पत्र आलं. तिनं काय लिहिलं ते सगळं सांगत नाही, ते तिनं मला लिहिलं आहे. एवढंच सांगते की आपण तिघा मोठ्या माणसांनी तिच्या मनाचा मान ठेवतो असं म्हणत एक धोंडा तिच्या डोक्यावर ठेवला होता. जावईबापूंनी ठेवला, तू हात लावलास, आणि तो मुळात मी आणला होता. एवढ्याशा पोरीनं आई आणि बाप यांत निवड कशी करायची? आई तर नाहीच. म्हणजे तिनं निवडायचं ते बाबा आणि आईची आठवण, यांतलं.

तेव्हा मी ठरवलं आहे. गुंडी तिच्या बाबांच्या आणि तुझ्या घरी राहील. शेठ असताना आणि तो गेल्यावरही. जावईबापूंना वेगळं पत्र टाकलं आहे, त्यात दुसरं काही नाही. गुंडीलाही लिहिलं आहे की हे आजीनं ठरवलं, तुला यात काही बोलायचं नाही, सुट्टीत मात्र माझ्याकडे यावंच लागेल. मोज्यांचं खरं आहे हेही लिहिलं.

मागची खोली मी झाडून, पलंग मांडून तयार ठेवली होती. काल त्या पलंगावर कागद पसरून पुठ्ठे कापले. तसं बरं झालं, तिथे उजेड चांगला येतो. बाकी काही लिहायचं नाही.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. शेठ जाईल तेव्हा तिच्यापासून लपवू नका. ती शाळेतून येईपर्यंत त्याला हलवून टाकू नका. आणि तसाच दिसणारा दुसरा आणून तिच्या पुढ्यात ठेवू नका, जावईबापू मायेपोटी ते करायला जातील. माझी मुलगी गेली तेव्हा गुंडीला शेजारी पाठवलं होतं. ती परत आली तेव्हा घर आवरलेलं होतं. त्या दिवसापासून ती रडलेली मी पाहिली नाही.

तब्येतीला जप. शेठच्या नाकावर केस आले का ते कळव.

आशीर्वाद आहेतच,
गुंडीची आजी

―――

२ नोव्हेंबर

ती. आजींना,
सा. न. वि. वि.

नाकावर केस आले होते. ते आधी सांगते, कारण तुम्ही विचारलं होतं आणि मी कळवायचं राहून गेलं.

शेठ परवा गेला. आदल्या दिवशी त्यानं दाणे शोधले नाहीत. मी चादरीच्या घडीत ठेवलेले तिथेच होते. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले आता त्याला दुखणार नाही एवढंच बघू. तुमचं पत्र मी ह्यांना दाखवलेलं होतं, तेव्हा लपवायचा प्रश्नच नव्हता. ह्यांनी गुंडीला शाळेत पाठवलं नाही, स्वतःही कामावर गेले नाहीत. तिला सांगितलं की आज बहुतेक जाईल. तिनं अंगणातली वाळूची थाळी आणि चाक बाहेर काढलं, म्हणाली आता गर्दी नको. फक्त तीन तोंडांचा बोगदा आणि कागद ठेवला.

तो दिवसभर बोगद्यात झोपून होता. गुंडी आत बसून होती. संध्याकाळी, त्याच्या उठायच्या वेळेला, तो बाहेर आला. हळूहळू चालत तिच्या पावलापर्यंत पोचला आणि पावलाला टेकून बसला. तिनं त्याला उचललं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली की त्याचं पोट हलत नाही. मी बाहेरून पाहिलं, हलत नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं.

मग ती रडली. आजी, ते शेठसाठी सुरू झालं, पण शेठसाठीच राहिलं नाही. ती आईला हाका मारायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं. डॉक्टर संध्याकाळी पुन्हा बघायला आले होते, हे त्यांना पोचवायला खाली गेले होते. आजवर मी त्या अंगणाच्या आत कधी पाय ठेवला नव्हता, ती जागा माझी नव्हती. पण तिला एकटीला तसं बघवेना. तक्ता उघडून आत गेले आणि तिला जवळ घेतलं. तिनं ढकललं नाही. माझ्या खांद्यावर डोकं घासत आई, आई करत राहिली. मला चांगलं माहीत आहे की ती हाक मला नव्हती. मी ओ दिली नाही. कोणाची तरी जागा घेतली असं व्हायला नको, म्हणून नुसती धरून बसले. तुमच्या मुलीला मारलेली हाक होती, तुम्हाला कळवायला हवी, म्हणून हे एवढं लिहिलं.

हे वर आले, दारातच थांबले, मग तेही आत येऊन खाली बसले. तिघांना ती जागा पुरत नव्हती, एक तक्ता सुटून पडला.

काल सकाळी इमारतीच्या मागे, भिंतीलगतच्या झाडाखाली त्याला पुरलं. गुंडीनं त्याला कोऱ्या कागदात गुंडाळलं आणि बरोबर दाणे ठेवले. मातीही तिनंच लोटली. परत आल्यावर तिला भूक लागली होती. आम्ही तिघं एकत्र जेवलो. ती मधेच म्हणाली की आई आजारी असताना तिचे पाय गार असायचे आणि मी ते चोळायची. ह्यांनी हे ऐकलं आणि त्यांचा घास तसाच राहिला. तिच्या आईबद्दल ती माझ्यासमोर पहिल्यांदाच इतकं बोलली.

अंगणाचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. घाई नाही.

लोभ थोडा जमला असेल असं धरून, तो असाच राहू द्यावा.

तुमची,
गुंडीची मावशी

―――

८ नोव्हेंबर

चि. सौ. हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मी उठून दार लावून घेतलं. मुलगी गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, मला कुणाला तरी पाणी द्यायचं होतं, कुणाला तरी धीर द्यायचा होता. माझं राहून गेलं होतं. ते काल झालं. त्यावर जास्त लिहीत नाही.

ती हाक तुला नव्हती हे तू ओळखलंस आणि तरी तिथून उठली नाहीस. माझ्या मुलीची जागा कुणी घेईल याची मला भीती होती. तू ती तशीच मोकळी ठेवलीस आणि तिच्या शेजारी बसलीस. याहून अधिक काय मागायचं असतं ते मला माहीत नाही.

मी तिकडे येते आहे. शनिवारी दुपारच्या बसनं. गुंडीला एवढ्यात सांगू नकोस, मी आजारी पडले आणि बेत फिसकटला तर तिला आणखी एक वाट बघणं नको. जावईबापूंशी मला पाच मिनिटं बोलायचं आहे, त्यांना म्हणावं घाबरू नका, फळ्यांबद्दल नाही.

बसस्थानकावर मला न्यायला मात्र तू ये. एकटी ये. इतकी पत्रं झाली, पण आपण एकमेकींना पाहिलेलं नाही, आणि गुंडी मधे असली की आपण दोघी तिच्याकडेच बघत बसू. उतरल्यावर मी दाराशीच उभी राहीन. मला काय म्हणून हाक मारायची याचा रस्ताभर विचार करत येऊ नकोस. मला ऐकू कमी येतं. तू सरळ पुढे ये आणि हातातली पिशवी घे.

वाट बघते,
आजी